सेवा करणाऱ्यांची जखम आणि संस्थेतील बदल
(वार्षिक सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षाचा ताळेबंद आपल्या हाती आहेच. त्यातील आकडे वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आज ज्या खर्चाविषयी बोलावयाचे आहे, त्यास हिशेबाच्या वहीत अद्याप रकाना नाही.

२१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा त्याच वर्षी १० जुलै रोजी सकाळी आपल्या हिंगोली जिल्ह्यास भूकंपाचा धक्का बसला. दोन्ही वेळा ४.५ इतकी तीव्रता नोंदली गेली. पांगरा शिंदे भागातील भूगर्भातून येणारे आवाज सिद्धेश्वर परिसरातील आपल्यापैकी अनेकांना परिचित आहेत. तरीही धक्का ओसरताच वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच नाव आले, ते किल्लारीचे. आघात सोसलेला मनुष्य पुढील प्रत्येक हादरा जुन्या हादऱ्याच्या आठवणीतून अनुभवतो. संस्थेचेही तसेच असते, असे आमचे मत आहे. आणि ज्यांना संस्था चालवावयाची व बदलावयाची आहे त्यांनी हे ध्यानी घेतलेच पाहिजे.

किल्लारीचेच उदाहरण पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून लोक झोपी गेले असताना, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. उरलेल्या शेकडो गावांत जुनीच घरे मजबूत करून द्यावयाची होती. परंतु ज्या दगडी भिंतीने घरची माणसे नेली, तिच्याच आडोशाला पुन्हा निजा, असे सांगून कोण ऐकणार? पैसा होता, अभियंते होते, शासकीय आदेशही होते. विश्वास मात्र नव्हता. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेस गावकऱ्यांच्या सहभागाचे काम देण्यात आले. संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. या स्त्रिया स्वतः भूकंपग्रस्त होत्या. त्या घरोघरी गेल्या, बांधकामातील बारकावे शिकून इतरांना समजावू लागल्या, कामावर देखरेख ठेवू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरात हादरले, तेव्हा मराठवाड्यातील स्त्रिया तेथील स्त्रियांना अनुभव सांगावयास गेल्या. घरबांधणी संपल्यावर ही संस्था बचत गट, आरोग्य आणि दुष्काळातील शेती अशा कामांकडे वळली, आणि २०१७ साली तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. पुरस्काराचे आम्हांस तितकेसे महत्त्व वाटत नाही. ज्यांना मार बसला, त्यांच्याच हाती बदलाची सूत्रे दिली गेली, हे महत्त्वाचे.

आता आपल्या रुग्णालयाकडे येऊ. येथे आघात रोज रात्री दाराशी येतो. सर्पदंश, अपघात, आणि सर्वांत जड म्हणजे कीटकनाशक प्यालेला तरुण शेतकरी. अशा माणसावर तीव्र मानसिक ताण होता असेच गृहीत धरावे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नास सरसकट शिक्षा देणारे जुने कलमच राहिले नाही. ‘तू काय गुन्हा केलास’ हा प्रश्न मागे पडून ‘तुझ्यावर काय ओढवले’ हा प्रश्न पुढे आला. तो विचारणार कोण? तर रात्री दोन वाजता त्याचे पोट धुणारी सिस्टर. तिने २०२० आणि २०२१ ची करोनाची साथ याच वॉर्डात काढलेली असते. नातेवाइकांची शिवीगाळही तिनेच ऐकलेली असते. रुग्णालयावरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे, पण कायदा मारणाऱ्यास शिक्षा देतो, मार खाणाऱ्याची झोप परत आणत नाही.

अशा माणसांपुढे नवे संगणक, नवी ड्यूटी, नवा नियम अचानक आला की त्यांना तो आणखी एक धक्काच वाटतो. त्या गप्प होतात किंवा नोकरी सोडतात. व्यवस्थापनाच्या भाषेत यास ‘कर्मचाऱ्यांचा विरोध’ म्हणतात. हा शब्द आम्हांस पटत नाही. पुष्कळदा तो निव्वळ थकवा असतो.

म्हणून ड्यूटीचा तक्ता आम्ही पंधरा दिवस आधी लावतो. संगणकावरील नोंदणीचा क्रम रात्रपाळीच्या सिस्टर, मामा आणि मावशी यांना विचारून ठरविला. कारण पहाटे वीज गेली तर काय होते, हे कार्यालयात बसून कळत नाही. लहान मूल दगावल्यास त्या सिस्टरला लगेच दुसऱ्या खाटेकडे न धाडता अर्धा तास मोकळे ठेवतो. चूक असेल तर चौकशी होतेच, परंतु त्याच रात्री, सर्वांदेखत नव्हे. मन मोकळे करण्याच्या एकदिवसीय शिबिरांवर आमचा विश्वास थोडा. हारतुरे अधिक होतात. आघातानंतर लगेच माणसाला बोलते करण्याचा आग्रह धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. पाहा, ऐका आणि मदतीशी जोडून द्या, इतकेच तिचे मानसिक प्रथमोपचाराचे सूत्र आहे. रुग्णांच्या आप्तांसाठीही १४४१६ ही ‘टेलिमानस’ची विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध असते, तो क्रमांक आम्ही प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर छापतो.

परंतु मोकळ्या ठेवलेल्या अर्ध्या तासात तिच्या जागी उभी राहणारी दुसरी सिस्टर लागते. आज ती शेजारच्या वॉर्डातून ओढून आणावी लागते, आणि तेवढा वेळ तेथे माणूस कमी पडते. देणगीदारांनी दिलेल्या यंत्रांवर त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. बदली सिस्टरवर पाटी लावता येत नाही, आणि तिचे वेतन ताळेबंदात ‘आस्थापना खर्च’ या नावाने दिसते. तो खर्च वाढला की संस्था उधळी झाली असे वाटणे स्वाभाविक आहे; वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतल्याने आम्हांसही प्रथम तोच संशय येतो. तरीही रात्रपाळीसाठी एक बदली सिस्टर आणि एक वैद्यकीय समाजसेवक, अशा दोन पदांचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत आम्ही ठेवीत आहोत. दोन्ही पदे पहिली तीन वर्षे देणगीतून चालवावी लागतील. त्यासाठी स्वतंत्र खाते उघडण्याची अनुमती या सभेने द्यावी, ही विनंती.