काळं कव्हर



साठी ओलांडलेला निवृत्त फौजी हार्ड रॉकवर बोलणार, हे ऐकून आमच्या घरी सगळे हसले. नातवाने तर विचारलं, “आजोबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?” खरंच फारसं कळत नाही. पण एका अल्बमने मला एक चूक दाखवून दिली. तेवढंच आज सांगतो.

अल्बमचं नाव ‘बॅक इन ब्लॅक’. ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसी या बँडचा, साल 1980.

त्या वर्षी 19 फेब्रुवारीला त्यांचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये गेला. वय 33. रात्रभर दारू झाली होती, गाडीत झोपला तो उठलाच नाही. आधीच्याच वर्षी ‘हायवे टू हेल’ गाजला होता, बँडला नुकतं यश दिसू लागलं होतं. आता बँड मोडायचा की चालवायचा? गिटार वाजवणारे दोघे यंग भाऊ, माल्कम आणि अँगस, यांच्यापुढे हाच प्रश्न होता. पुढे जा, असं बॉनच्या घरच्यांनीच त्यांना सांगितलं.

मग नवा गायक आला ब्रायन जॉन्सन. इंग्लंडच्या ईशान्येकडचा, न्यूकॅसल भागातला. वडील ब्रिटिश फौजेत सार्जंट मेजर, म्हणजे आमच्याच जातकुळीतला! वय 32, आधीचा बँड मागे पडलेला, पोटासाठी गाड्यांच्या छपरांचं काम करायचा. ऑडिशनला आला आणि खालीच बँडच्या कामगारांबरोबर पूल खेळत बसला. वर सगळे वाट बघतायत! गंमत म्हणजे, या माणसाच्या आवाजाचं कौतुक बॉननेच पूर्वी अँगसजवळ करून ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये सगळे बहामा बेटांवर नासाऊला गेले. निर्माता मट लँग. जुलैच्या 25 तारखेला अल्बम बाजारात आला. मृत्यूनंतर जेमतेम पाच महिने.

त्यांनी शोक कसा केला, हे आता लक्ष देऊन ऐका. कव्हर संपूर्ण काळं. कंपनी म्हणाली, निदान नाव तरी दिसू द्या, म्हणून अक्षरांना करडी कड दिली, बाकी काही नाही. आणि सुरुवातीला घंटा. इंग्लंडमधल्या लफबरो गावी घंटा ओतण्याचा जुना कारखाना आहे, तिथे जवळजवळ एक टनाची घंटा घडवली. आधी त्याच गावातल्या एका मनोऱ्यातली घंटा रेकॉर्ड करून पाहिली, पण आत राहणाऱ्या पक्ष्यांच्या पंखांची फडफड मध्ये यायची. शेवटी कारखान्यातच काम झालं.

घंटा वाजते, हळूहळू गिटार येते, आणि मग नवा माणूस पूर्ण ताकदीने गातो. दहा गाणी, साधारण 42 मिनिटं. रडगाणं एकही नाही. ब्रायनला बँडने तसंच बजावलं होतं. आणि बॉनची नक्कल करायला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझी गोष्ट.

मी मेजर होतो, कंपनी उंचावरच्या एका चौकीवर. माझा एक कॅप्टन हिमस्खलनात गेला. त्याचं सामान यादी करून घरी पाठवलं. एक कॅसेट मात्र टेपरेकॉर्डरमध्येच राहून गेली. नव्वद मिनिटांची. एका बाजूला किशोरकुमार, दुसऱ्या बाजूला हा अल्बम. त्याची सगळी कथा मला त्यानेच रात्री बुखारीजवळ बसून सांगितली होती.

महिन्याभरात त्याच्या जागी एक लेफ्टनंट आला. मुलगा कामसू होता. पण तो गस्तीवरून परतला की मी म्हणायचो, “तो असता तर अर्धा तास आधी आला असता.” नकाशा दाखवला की, “तो असा काढायचा.” रोज. मला वाटायचं, मी गेलेल्याची आठवण राखतोय.

एके दिवशी आमचे सुभेदार, साताऱ्याकडचे, चहा घेऊन आत आले. म्हणाले, “साहेब, एक बोलू का? गेलेल्या साहेबांना आम्ही पण विसरलो नाही. पण नवे साहेब रोज त्यांच्याशीच लढतायत. मेलेल्या माणसाशी लढून कोण जिंकतं?”

मी काहीच बोललो नाही. रात्री ती कॅसेट लावली. घंटा ऐकली, आणि डोक्यात प्रकाश पडला. या लोकांनी दुःख लपवलं नव्हतं, पण त्याला जागा ठरवून दिली होती. कव्हर आणि घंटा गेलेल्याची. त्यानंतरचा माईक नव्या माणसाचा. मी मात्र प्रत्येक गाण्याच्या मध्ये घंटा वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी लंगरमध्ये कॅप्टनचा फोटो लावला. दर महिन्याच्या त्या तारखेला जेवणाआधी दोन मिनिटं सगळे उभे राहायचो. बाकीच्या दिवशी कामात त्याचं नाव काढायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. सुरुवातीला जीभ चावावी लागायची.

त्या मुलाची मी तेव्हा माफी मागितली नाही. मेजरने लेफ्टनंटची माफी मागायची, एवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. बऱ्याच वर्षांनी बेळगावात एका लग्नात भेटला, केस पिकलेले. म्हणाला, “सर, तेव्हा मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. का कोण जाणे, तुम्ही एकदम बदललात.” मग त्याला सुभेदारांची आणि कॅसेटची हकीकत सांगितली. माफीही मागितली, उशिराच.

तुमच्या घरात, कचेरीत, दुकानात कुणीतरी असं रिकाम्या जागेवर उभं असेल. नवी सून असेल, नवा साहेब असेल, धाकटा मुलगा असेल. “तो असता तर” हे शब्द ओठांवर आले की थोडं थांबा. घंटा जरूर वाजवा, पण एकदाच. मग त्याला त्याच्या आवाजात गाऊ द्या.

जय हिंद.