परदेशी नाण्यांचा डबा



तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला किंवा माझ्यासारखे दिल्लीला, तुमच्या घरात एक डबा नक्की असणार. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या चाव्यांशेजारी. त्यात परदेशी नाणी. मुलगा कंपनीच्या कामाने जर्मनीला गेला होता, सून सिंगापूरहून आली, आपण स्वतः युरोपची सहल केली. उरलेल्या नोटा बदलून झाल्या, नाणी तशीच राहिली. बँकेत नेली की काउंटरवरची मुलगी म्हणते, "काका, नाणी नाही घेत आम्ही." आपण चिडतो. नोट त्यांच्याच देशाची, नाणंही त्यांच्याच देशाचं, मग हा भेदभाव का?

मी फौजेत होतो, त्यामुळे मला आधी वजन आणि वाहतूक दिसते. दोन युरोचं नाणं साडेआठ ग्रॅमचं. दोन हजार युरो नाण्यांमध्ये न्यायचे तर साडेआठ किलो ओझं. तेच शंभरच्या नोटांमध्ये वीस कागद, खिशात मावतात. आता एक सेंटचं नाणं घ्या, वजन २.३ ग्रॅम. एक किलो नाणी म्हणजे साधारण ४३५ नग, किंमत साडेचार युरोसुद्धा नाही. ती मोजायची, निवडायची, विमानाने परत पाठवायची. खर्च नाण्यांपेक्षा जास्त. बँकेने घेतलेलं परकीय चलन शेवटी त्याच्या देशात परत जावं लागतं, आणि नाणी तिथवर जाताना स्वतःचं भाडंही फेडत नाहीत. सगळं कारण एवढंच आहे.

कायद्याची भीती मात्र बाळगू नका. परदेशातून आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत परत करायचं असतं, आणि नोटा व प्रवासी धनादेश मिळून २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादाच नाही. डबाभर ठेवा, पोतंभर ठेवा.

पण ठेवून करायचं काय? डबा ताटात ओता आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग मोठ्या किमतीच्या चालू नाण्यांचा. आपल्याला वाटतं नाणं म्हणजे चिल्लर. स्वित्झर्लंडचं पाच फ्रँकचं नाणं आजच्या दराने पाचशे रुपयांच्या वर जातं. जपानचं ५०० येनचं अडीचशेच्या वर, दोन युरोचं दोनशेच्या आसपास. या ढिगाला देशवार पुरचुंड्या करा, वर चिठ्ठी लावा. घरातलं कोणी त्या देशात निघालं की पुरचुंडी त्याच्या हाती. विमानतळावर उतरल्यावर ट्रेनचं तिकीट किंवा कॉफी त्यात होऊन जाते. शेजारच्या मुलाला द्यायची असेल तर भेट म्हणून द्या. त्याच्याकडून रुपये घेऊ नका, कारण परकीय चलनाची खरेदी-विक्री परवानाधारकांशीच करता येते. आणि साध्या पाकिटात घालून कोणाला पोस्टाने पाठवू नका, आंतरराष्ट्रीय टपालात त्याला मनाई आहे.

दुसरा ढीग खरोखरीच्या चिल्लरीचा. सेंट, पेनी, लहान येन. ही नाणी दानाला उत्तम. युनिसेफने १९८७ मध्ये विमान कंपन्यांबरोबर 'चेंज फॉर गुड' ही योजना सुरू केली. विमानात पाकीट मिळतं, प्रवासी उरलेली चिल्लर त्यात टाकतात, पैसे मुलांच्या कामाला जातात. अनेक परदेशी विमानतळांवर दानपेट्याही असतात. तुमची मूठभर नाणी तिथे लाखो मुठींमध्ये मिसळतात, मग वाहतूक परवडते.

तिसरा ढीग बाद झालेल्या नाण्यांचा. इथे घाईने काही टाकू नका. १९७०-८० च्या दशकांत पुण्याहून प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेलेल्या अभियंत्यांच्या घरी अजून मार्क सापडतात. युरो येईपर्यंत चलनात असलेली मार्कची नाणी जर्मनीची मध्यवर्ती बँक आजही बदलून देते, मुदत नाही, एका युरोला १.९५५८३ मार्क. पाच मार्कचं नाणं म्हणजे अडीच युरोपेक्षा थोडं जास्त. ऑस्ट्रियाच्या शिलिंगलाही मुदत नाही. फ्रान्सने मात्र फ्रँकच्या नाण्यांना २००५ मध्येच दार बंद केलं. ब्रिटनचा जुना गोल पाउंड १५ ऑक्टोबर २०१७ नंतर दुकानात चालत नाही. चालणाऱ्या पाउंडाला बारा कडा आहेत आणि तो दोन रंगांचा आहे. बोटाने चाचपूनही कळतं.

आता ज्यासाठी मी आज बोलायला उभा राहिलो, ते सांगतो.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली बटालियन १९९८ पासून दक्षिण लेबनॉनमध्ये आहे. २००४ मध्ये मीही तिथे होतो. तिथल्या दुकानात डॉलर दिला की सुट्टे लिरामध्ये मिळायचे. आमच्या तुकडीतल्या एका हवालदाराने ५०० लिराची ३८ नाणी आठवण म्हणून घरी आणली. आता तो सातारा जिल्ह्यात शेती बघतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "साहेब, आपल्या लेबनॉनच्या नाण्यांचं नशीब उघडलं. नऊ लाख देतायत!"

त्याने एक व्हिडिओ पाहिला होता. खालच्या नंबरवर नाण्यांचे फोटो पाठवले. समोरच्याने आधी नोंदणीचे १,२५० घेतले, मग जीएसटी म्हणून १३,५००. रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं खोटं पत्रही पाठवलं. आता ४२,००० मागत होते, आणि बायकोच्या पाटल्या गहाण ठेवायच्या की नाही हे विचारायला त्याने मला फोन केला होता.

मी त्याला फोनवरच हिशेब करायला लावला. ३८ नाणी म्हणजे १९,००० लिरा. आपण तिथे होतो तेव्हा डॉलरला सुमारे १,५०० लिरा होते, म्हणजे साडेबारा डॉलर, तेव्हाचे साधारण पावणेसहाशे रुपये. २०१९ पासून लेबनॉनचं चलन कोसळलं. आज डॉलरला सुमारे ८९,५०० लिरा. सगळी नाणी मिळून वीस-एक सेंट. अठरा-वीस रुपये.

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही.

पाटल्या वाचल्या. सायबर तक्रारीचा १९३० हा नंबर आम्ही लगेच लावला, पण पैसे जाऊन आठ दिवस झाले होते. १४,७५० रुपये परत आले नाहीत. अशी फसवणूक लगेच कळवली तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून हा नंबर आत्ताच लिहून ठेवा.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, ती त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही, आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. आपल्यासाठी याहून सोपी खूण आहे. माल विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. बाजारातली कोथिंबीरवालीसुद्धा हे जाणते.

टांकसाळीतून कोट्यवधींनी निघालेलं नाणं वीस वर्षं डब्यात पडून दुर्मीळ होत नाही. त्याची किंमत त्याच्या देशातल्या दुकानात ठरते, आणि देशाचे दिवस फिरले की डब्यातल्या डब्यात घटते. म्हणून जे चालतंय ते लवकर त्या देशात जाऊ द्या. पुढच्या वेळी परदेशातून निघताना शेवटच्या दिवशी नाणी आधी संपवा. हॉटेलचं बिल काही नाण्यांत, उरलेलं कार्डावर, असं चालतं का विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं. नातवंडांसाठी प्रत्येक देशाचं एकेक नाणं राखा, नकाशा शिकवायला त्यासारखं साधन नाही.

आणि तुमच्या गावाकडे कोणी निवृत्त जवान, आखातातून परतलेला कोणी कामगार असेल, तर त्याला हे सांगा. असा डबा त्याच्याही घरात असणार, आणि तोही व्हिडिओ बघतो.

जय हिंद.