माती वाळवू नका

जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ज्यांचा ऊस आहे, त्या अंबड, घनसावंगी, परतूरकडच्या शेतकऱ्यांशी आज बोलायचंय. सूत्रकृमी, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारा मातीतला सूक्ष्म जंत, काय असतो ते तुम्ही जाणता. माझं गाऱ्हाणं आहे ते मातीच्या नमुन्याचं.

फड हिरवागार, पण मध्येच एक चट्टा पिवळा, बुटका, फुटवे कमी. मग आपण काय करतो? युरियाचं आणखी एक पोतं! पोटात जंत असलेल्या लेकराला टॉनिक पाजण्यातला प्रकार. खाल्लेलं अंगी लागत नाही, कारण खाणारा दुसराच आहे. मुळीत शिरलेली एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, आणि उबदार मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार. लेकरू हडकतं, जंत बाळसं धरतात.

बरं, तपासायला माती आणता ती कशी? खताच्या तपासणीला नेता तशी, सावलीत वाळवून, चाळून, कापडी पिशवीत. अहो, हा जीव ओलाव्यावर जगतो! लेकरू घरी ठेवून त्याचं वाळलेलं झबलं दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर तपासणार काय? मग कागदावर 'आढळले नाहीत' असं येतं, आणि तुम्ही खुशीत परत युरियाच्या दुकानात.

नमुना ओलाच हवा. चट्ट्याच्या मधलं वाळलेलं बेट सोडा, कडेचं, पिवळं पण जिवंत बेट धरा. वरची दोन बोटं माती सारून वीतभर खोलपर्यंतची, मुळांलगतची माती घ्या. चार-पाच जागची मिसळून पाव किलो, सोबत मूठभर बारीक मुळं. प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड बांधा आणि सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत तापवू नका. शक्यतो दुसऱ्याच दिवशी पोचवा. कुठे, ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारून घ्या.

काही जण म्हणतात, मुळांना गाठी नाहीत, मग कशाला तपासायचं? टोमॅटोसारख्या ठळक गाठी उसाला शोधू नका. इथे मुळीचं टोक जरासं सुजतं, बस्स. गाठीवाल्यांची जावानिका ही जात १८८५ साली जावा बेटावर उसाच्या मुळांतच सापडली होती. दुसऱ्या प्रकारचा सूत्रकृमी तर गाठ करतच नाही, मुळी आतून कोरतो, तांबूस-काळे डाग पडतात. मोसंबीवाल्यांनो, तुमच्या बागेतला मोसंबीचा सूत्रकृमी वेगळा, तो उसाला लागत नाही. पण उसात आंतरपीक म्हणून वांगी, भेंडी लावाल, तर गाठीवाल्यांना पंगतच वाढाल. त्याऐवजी झेंडू लावा.

पुन्हा सांगतो, माती वाळवायची नाही. ओली, मुळांसकट.

उपायांत निंबोळी पेंड आहे, लागणीआधी ताग गाडणं आहे, कारखान्याची मळी आहे... स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण होतेय. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे मात्र तपासणीचा कागद आल्याशिवाय ठरवू नका, कारण खोडव्यात हे सूत्रकृमी... असो, वेळ संपली. आणि हो, मळी कच्ची टाकू नका, कुजवून टाका.