खडी चालते, खाणविद्या चालत नाही



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याविषयीच बोलावे असा संकेत आहे. तो मी मोडणार हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक होते, आणि माझी निवड होऊ नये म्हणून ज्यांनी परिश्रम केले त्यांना भीतीही तीच होती. ती खोटी पाडणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्या प्रकरणाचे नाव काढताच काही जण जांभई आवरू लागतात, ते खाणविद्येच्या अभ्यासक्रमाचे प्रकरण मी आज पुन्हा मांडणार आहे.

भूगर्भशास्त्राचा अध्यापक या नात्याने, दगडखाणींच्या या मावळ मुलखात खाणविद्येची पदवी सुरू करावी, अशी योजना मी एकेकाळी रीतसर सादर केली होती. ती एका विद्वत्समितीने ‘विद्यार्थी येणार नाहीत’ एवढाच शेरा मारून दप्तरदाखल केली. बोडक्या झालेल्या टेकड्या, पाण्याने भरलेले बेवारस खड्डे, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, फार काय, आपल्या कथेला अलीकडे आलेली पांडुरोगी कळा, या सर्वांचे मूळ त्या तीन शब्दांत आहे असा माझा दावा आहे. हसा खुशाल.

ज्या मावळात कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अखंड कातळात, चुकलेला घाव भरून काढण्याची कोणतीही सोय नसताना, कोरले गेले. जेथे बोरघाटाचा लोहमार्ग 25 बोगदे फोडून 1863 साली पुरा झाला आणि त्यापायी राबलेली हजारो माणसे पटकीने व अपघातांनी घाटातच राहिली. जेथे लोणावळ्याच्या तलावाखालून द्रुतगती मार्गाचा जवळजवळ 9 किलोमीटरांचा बोगदा जातो. त्या मावळातील मुलाने खाण अभियांत्रिकी शिकायची तर नागपूरची किंवा धनबादची वाट धरावी, हे कोणालाच खटकत नाही, याचे मला नवल वाटते. नागपूरवर माझा राग नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालये तेथे, कोळसा आणि मँगनीज हाकेच्या अंतरावर. ती विद्या तेथे रुजली हे योग्यच झाले. पण कोळशाचा थर वेगळा आणि आमचा काळा पाषाण वेगळा.

विद्यार्थी यावेत म्हणून विभागाचे नाव बदलणे आणि माहितीपत्रकावर शिरस्त्राण घातलेली हसरी मुलगी छापणे, हा सध्याचा उपाय. त्या मुलीला भूमिगत खाणीत उतरण्याची मुभा कायद्याने 2019 साली, तीही अटींसह, दिली, हे माहितीपत्रक सांगत नाही. कॉर्नवॉलमधील कॅम्बोर्नच्या नामांकित खाणविद्यालयानेसुद्धा 2020 साली खाण अभियांत्रिकीच्या पदवीचे नवे प्रवेश थांबवले. पुढे त्यांनी खाणीत नोकरी करता करता शिकण्याची पदवी काढली. विद्यार्थी कोठे असतात हे त्यांना उशिरा का होईना कळले.

माझे वडील खाणीवर सुरुंगाचे काम करीत. अक्षरओळख नव्हती. भोके भरून झाली की लाल निशाण लागे, शिट्टी वाजे, बायका पोरांना घेऊन आडोशाला जात, आणि वडील वाती पेटवून आमच्याजवळ येऊन डोळे मिटून बार मोजीत. एके दुपारी भोके सात भरली होती आणि आवाज सहाच झाले. ट्रक खोळंबले होते, मुकादम शिव्या देत होता. “एक बार ऱ्हायलाय,” एवढेच वडील म्हणाले आणि अर्धा तास त्यांनी कोणालाही जागचे हलू दिले नाही. हा तास कोणत्या अभ्यासक्रमात आहे? अशा माणसांची नातवंडे आज खाणींवरच्या पत्र्याच्या खोल्यांत बारावीचा अभ्यास करीत आहेत. त्यांच्या दारी समितीचा एकही सदस्य गेला नव्हता.

पैसा नाही, ही सबब पुढे येईलच. दगड ब्रासावर मोजला जातो, त्याचे स्वामित्वधन सरकारजमा होते, आणि खाण व खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद झाली, ती खाणबाधितांच्या हितासाठीच. त्यातून या मुलांना शिष्यवृत्त्या द्या. चार वर्षांपैकी एक वर्ष खाणीवर घालवू द्या. पायऱ्या किती उंचीच्या ठेवाव्यात, धूळ कशी बसवावी, आणि दगड संपल्यावर खाण कशी मिटवावी, हे तेथेच शिकवा. खाण उघडणारे आपल्याकडे उदंड आहेत, मिटवणारा शोधून सापडत नाही.

खाणी बंद करा म्हणणाऱ्या निसर्गप्रेमी मित्रांना मी दोष देणार नाही. ती माझीच माणसे. मात्र त्यांच्या मोर्चात हळूच शिरलेल्या एकदोन महाभागांनी आपल्या तुंगार्लीच्या बंगल्याच्या पायात कोणत्या टेकडीची खडी आहे, एवढे घरी जाऊन विचारावे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात या मागणीचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो तेथे उभे राहून, नावानिशी नोंदवावा; चहाच्या मंडपात नोंदवलेला विरोध इतिवृत्तात घेऊ नये, अशी मी कार्यवाहांना आताच ताकीद देऊन ठेवतो.