दर्या दरवाजाबाहेरचं गाव

चिंचोटी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: पावसाळ्यातला धबधबा आणि महामार्गावरून कामण-भिवंडीकडे फुटणारा रस्ता. पण चिंचोटीच्या डोंगरांचं पाणी उतरतं वसईच्या खाडीत, आणि खाडीच्या तोंडावर, वसई किल्ल्याच्या तटाला खेटून किल्लाबंदर आणि पाचूबंदर हे कोळीवाडे आहेत. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

पोर्तुगीज वसईचा जन्मदाखला २३ डिसेंबर १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशाह तेव्हा कात्रीत सापडला होता. एकीकडून मुघल बादशहा हुमायून, दुसरीकडून पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याचं आरमार. याच कुन्याने आदल्या वर्षी वसईवर हल्ला केला होता. बहादूरशाहाने वसई, आसपासची बेटं आणि समुद्र पोर्तुगिजांना तहात लिहून दिला. हो, समुद्रसुद्धा! तांबड्या समुद्राकडे निघालेल्या गुजरातच्या गलबतांनी आधी वसईत येऊन परवाना घ्यायचा, आणि परतताना जकातही इथेच भरायची.

त्या समुद्रात रोज होडी घालणाऱ्यांना कुणी विचारलं नसणार, हे वेगळं सांगायला नको. पण ते होते. दुआर्त बार्बोझा हा पोर्तुगीज १५१६ च्या सुमारास वसईच्या चांगल्या बंदराची नोंद करतो, म्हणजे तहाच्या कितीतरी आधी. बंदर होतं म्हणजे खाडीचे उथळ पट्टे ओळखणारी माणसंही होती. म्हणून ‘वसई पोर्तुगिजांनी वसवली’ हे वाक्य मला अर्धंच वाटतं. त्यांनी तट बांधला. वस्ती जुनीच होती.

१५३६ पासून किल्ल्याचं काम सुरू झालं. आत चर्च, मठ, श्रीमंतांचे वाडे उभे राहिले. रानातल्या सागावर जहाजं बांधली गेली, इथला दगड गोव्याच्या बॉम जेझू चर्चपर्यंत पोहोचला. या कॅथलिक शहरात शुक्रवारी मांस वर्ज्य, उपवासकाळात तर चाळीस दिवस. मग ताटात काय असणार? मासळीच. शहराला कोळी हवे होते, आणि पुढे बऱ्याच कोळ्यांनी शहराचा धर्मही घेतला. धंदा मात्र तोच राहिला.

तो धंदा म्हणजे डोल. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना लांबलचक पिशवीसारखं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. पुढचं काम पाण्याचं. भरती-ओहोटीचा जोर बोंबील, जवळा, करंदी आत ढकलतो. उधाणाला मासळी भरपूर, भांगाला हात रिकामे. असा जोरदार प्रवाह सगळीकडे मिळत नाही, तो खाडीच्या तोंडावर मिळतो. त्यामुळे राजा कुणीही असो, डोलीच्या कोळ्याला इथून हलणं परवडणारं नव्हतं. माझ्या मते या गावाच्या टिकण्याचं खरं कारण हेच. त्यापुढे तहातली कलमं गौण आहेत.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज बाहेर पडले, वसईचं नाव काही काळ बाजीपूर झालं, नंतर इंग्रज आले. वाड्यांची छपरं गेली, भिंतींतून झाडं उगवली. ज्या दर्या दरवाजातून शहराचा माल आत जायचा, त्याच्या बाहेर कोळीवाडा नांदतच राहिला. १८६० च्या दशकात रेल्वेने खाडी ओलांडली आणि वसईची मासळी मुंबईच्या बाजारात गाडीने जाऊ लागली. आजही हंगामाच्या सुरुवातीला धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात, मग होड्या खाडीबाहेर पडतात.

फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरहून रो-रो बोट किल्ल्याजवळच्या जेट्टीवर येते, गाडीसकट उतरता येतं. उतरलात तर किल्ला पाहण्याआधी कोळीवाड्यातून चक्कर मारा. फक्त बोंबील सुकत घातलेल्या बांबूंखाली फोटोसाठी घुसू नका. बायका ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात.