पैसा गरजेच्या मागे जावा
(वारजे येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आरोग्यासाठी अधिक निधी हवा, ही आपली जुनी आणि रास्त मागणी आहे. परंतु मिळालेला निधी कोणत्या वस्तीला, कोणत्या निकषावर द्यायचा, या प्रश्नाकडे आपण फारसे वळलो नाही. विषमता मात्र तिथेच मूळ धरते.

वारजे १९९७ च्या हद्दवाढीत महापालिकेत आले. नदीपलीकडची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे आली २०२१ साली. हद्दीची रेषा एका अधिसूचनेने सरकली. जलशुद्धीकरणाची सोय काही तिच्याबरोबर सरकली नाही. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन मिसळून ते नळांना सोडले जात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात ‘जीबीएस’ची साथ उद्भवली, आणि मग टँकर, तपासणी पथके, उपचारांसाठी मदत असा सारा पैसा एकदम धावला. तो आधी का धावू शकला नाही?

कारण आपली वाटपाची रीत. जिथे दवाखाना आहे, मंजूर पदे आहेत, तिथे वेतन आणि औषधे जातात; जिथे काहीच नाही, तिथे अंदाजपत्रकात मागण्यासारखे शीर्षकही नसते. उरलेल्यात नगरसेवकांची ‘स’ यादी. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ साली पन्नास हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र हा निकष घातला. पण अधिकृत शिरगणती आजही २०११ चीच हाताशी आहे, आणि त्या वर्षी ही गावे शहरात नव्हती.

कोणी म्हणेल, बाह्यरुग्णांची नोंदवही पाहून पैसे द्या. हा फसवा न्याय आहे. रोजंदारी बुडेल म्हणून बांधकामावरची बाई दवाखान्यात येतच नाही. तिचे दुखणे वहीत नाही, म्हणून तिच्या वस्तीची गरज शून्य! वही सेवा मोजते, गरज नव्हे.

ब्रिटनमध्ये १९७६ साली एका कार्यगटाने हाच पेच सोडवू पाहिला. रुग्णालये जिथे आधीपासून होती तिथेच पैसा जाई. त्याऐवजी लोकसंख्या, तिचे वय आणि मृत्युमान यांवर वाटप बेतले गेले. ज्यांचे जास्त होते ते एका दिवसात काढून घेतले नाही. वाढीचा वाटा वर्षानुवर्षे मागासलेल्या विभागांकडे वळवला. लंडनकरांनी ओरड केली, ती व्हायचीच.

आपल्याकडे मृत्यूच्या नोंदींत दोष आहेत, म्हणून भार दुसऱ्या गोष्टींना द्यावा लागेल: आजची प्रत्यक्ष लोकसंख्या, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, झोपडपट्टीतील घरे, पाण्याचा स्रोत, जवळच्या प्रसूतिगृहाचे अंतर. किमान रक्कम प्रत्येक प्रभागाला. त्यावरचा वाटा गरजेप्रमाणे. कोणत्या घटकाला किती भार, हे ठरवणे राजकीय काम आहे. ते उघड्यावर, सभागृहात झाले पाहिजे.

वारज्यातच महापालिकेच्या जागेवर खासगी भागीदारीतून रुग्णालय उभारायचे आणि त्याच्या परदेशी कर्जाला महापालिकेने हमी द्यायची, असे प्रशासकीय राजवटीत ठरले. हमी हेही सार्वजनिक पैशाचे वाटपच आहे. शिवणे-उत्तमनगरच्या बाळंतिणीला त्यातून काय मिळणार, हा हिशेब आधी मांडायला हवा होता.

पुण्यात नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत २००६ पासून आहे. त्या अर्जांतून पदपथ आणि बाके पुष्कळ मागितली गेली. यंदा आपल्या शाखांनी क्षेत्रीय कार्यालयाकडे वस्तीनिहाय आरोग्यखर्चाचे आकडे मागावेत, आणि ते घेऊनच अर्ज भरावेत.