आठ अक्षरांचं माहेर

 

आपण बसलोय तो कोल्हापूरचा दसरा चौक बोर्डिंगांचा. 1901 साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातली पोरं इथं शिकली आणि रात्री पांघरुणात तोंड खुपसून घरच्या आठवणीनं रडलीसुद्धा. मीही त्यातलाच. पण आमच्या रडण्याला छंद नव्हता. तो सासुरवाशिणीकडं होता.

बहिणाबाई चौधरींची 'योगी आणि सासुरवाशीण' ही कविता घ्या. आसोद्याची लेक, जळगावात नांदलेली, अक्षरओळख नाही. पण चरण मोजा: आठ अक्षरं. यमक दुसऱ्या-चौथ्या चरणाला. 'माहेर' तीन अक्षरांचं. एका चरणात दोनदा म्हटलं की सहा झाली, उरली दोन. त्यांच्या 'संसार' कवितेतल्या 'संसार'चंही गणित तेच. या द्विरुक्तीला वर्गात आपण अलंकार म्हणतो. मला ते पटत नाही. दळताना हात जात्याच्या खुंट्यावर आहे, फेर पुरा करायचाच आहे; अशा वेळी जीभ जवळचाच शब्द पुन्हा उचलते.

याच कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या कवी माधव जूलियनांना 'छंदोरचना' या ग्रंथासाठी 1938 साली मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. लघु-गुरूचा भेद न मानणारी, अक्षरं मोजणारी रचना त्यांनी वृत्तांपासून वेगळी काढली. म्हणजे दळणारीनं एखादं अक्षर लांबवलं, तर तो दोष नव्हे.

आता अशा ओव्या-गाणी छापणाऱ्या संपादकांना हात जोडून एक विनंती. बोली 'सुधारू' नका. खानदेशी 'ले' प्रत्ययाचा 'ला' केलात की 'ले'शी जुळलेलं यमक तुटतं. आमच्याकडं बाया 'मी येतो' म्हणतात. तिथं 'येते' छापलंत तर यमक जाईल, आणि बाईही आमची राहणार नाही.

आजच्या परिषदेच्या दुपारच्या सत्रात कागल भागातल्या बाया ओव्या म्हणणार आहेत. व्यासपीठावर जातं मांडलंय. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी घरघर नको म्हणून माईक लांब सरकवू नये. ताल त्या घरघरीतच आहे.